शब्दांचे कूळ आणि कुळाचा अभिमान

पैशाचा उगम शिकविताना अर्थशास्त्राचा अध्यापक गुरे हेच प्राचीन धन होते असे सांगतो, आणि भाषेची साक्ष काढतो. लॅटिनमध्ये ‘पेकु’ म्हणजे गुरे, ‘पेकुनिया’ म्हणजे पैसा. संस्कृत ‘पशु’ त्याच मूळचा. जर्मन भाषेत गुरांना आजही ‘फी’ म्हणतात. आपले विद्यार्थी भरतात त्या इंग्रजी ‘फी’चे मूळही बहुतेक अभ्यासक तेथेच नेतात. अर्थात, मूळ अर्थ ‘जंगम मालमत्ता’ असून ‘गुरे’ हा अर्थ मागाहून आला, असे एमिल बेन्वेनिस्त यांनी १९६९ मध्ये मांडले. शब्दाची साक्षही उलटतपासणीस पात्र असते, हा त्यातला धडा होय.

ही उलटतपासणी आपण सहसा करीत नाही. असे नाते दिसले की सर्व भाषा संस्कृतातून निघाल्या, असा निष्कर्ष तत्काळ काढला जातो. वस्तुतः संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम कदाचित आता अस्तित्वात नसलेल्या एका समान भाषेत असावा, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ सालीच कलकत्त्यात सांगितले होते. संस्कृत ‘दश’ आणि ‘अष्ट’ यांच्या जोडीला लॅटिन ‘देकेम’ आणि ‘ओक्तो’ ठेवून पाहावे. ‘ए’ आणि ‘ओ’ हा लॅटिनने राखलेला भेद संस्कृतात लोपून दोन्हीकडे ‘अ’ उरला आहे. आईने गमावलेला दागिना मुलीकडे येणार कसा? संस्कृत ही या भाषांची भगिनी होय, जननी नव्हे.

केवळ ध्वनिसाम्यही फसवे असते. ‘देव’ आणि ग्रीक ‘थेओस’ यांचा अर्थ एक, उच्चार जवळचा. तरीही नाते नाही. उलट ‘चाक’, ‘व्हील’ आणि ‘सायकल’ हे एकाच कुळातले. ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडलेला नियम पितृ–फादर, पाद–फूट अशा जोड्यांतून सारखाच प्रत्ययास येतो. पुरावा असतो तो या नियमिततेचा.

शिवाय शब्दांचे नाते म्हणजे रक्ताचे नाते नव्हे. आपल्या घरातील ‘अक्का’ आणि ‘अण्णा’ कानडीतून आले. तेवढ्याने त्यांची माया परकी ठरत नाही. हिशेबात पावतीवाचून रक्कम मांडता येत नाही. शब्दांच्या वंशावळीलाही आपण तीच शिस्त लावली पाहिजे, मग निष्पन्न होणारी बाकी आपल्या अभिमानास रुचो वा न रुचो.