साध्या फोनवरचा भूप

मोबाइलची घंटी वापरणाऱ्याने स्वतः रचावी, अशी सोय २००० साली बाजारात आलेल्या नोकिया ३३१० या फोनमध्ये ‘कंपोजर’ या नावाने दिलेली होती. कंपोजर म्हणजे अंकांच्या बटणांवरून एकेक स्वर नोंदवून धून तयार करण्याची आणि ती रिंगटोन म्हणून साठवण्याची व्यवस्था होय. तिच्याकडे पोरखेळ म्हणूनच पाहिले गेले. परंतु सरगम लिहिण्याचे साधन म्हणून तिची रचना तपासली असता ती भारतीय संगीताला, निदान कागदावरच्या भारतीय संगीताला, अनपेक्षितपणे जवळची असल्याचे आढळते.

या व्यवस्थेत १ ते ७ या बटणांना पाश्चात्त्य सप्तकातील ‘सी’पासून ‘बी’पर्यंतचे सात स्वर दिलेले होते, आणि ‘सी’ला षड्ज मानले की तेच क्रमाने सा, रे, ग, म, प, ध, नी ठरतात. फिनलंडच्या अभियंत्यांनी हे हिंदुस्थानी संगीताची स्वरलिपी रूढ करणाऱ्या भातखंडे यांच्या सोयीसाठी केले नव्हते, हे उघडच आहे. उरलेल्या बटणांपैकी ० हे विरामाचे होते, ८ दाबले की स्वराचा काळ निम्मा होई व ९ दाबले की दुप्पट, स्वराचे बटण दाबून धरले की तो दीडपट लांबे, * ने सप्तक बदले आणि # ने स्वर अर्ध्या पायरीने चढे. भातखंडे स्वरलिपीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ आणि सप्तक दाखवण्यासाठी स्वराच्या वर किंवा खाली टिंब येते. फोनमध्ये या सर्व खुणांचे काम दोन बटणांवर भागवलेले होते.

ते कसे भागे, हे रागांच्या उदाहरणांवरून स्पष्ट होते. भूपात मध्यम आणि निषाद वर्ज्य असून उरलेले पाचही स्वर शुद्ध असल्यामुळे तो १, २, ३, ५, ६ एवढ्यावर बसतो आणि # ला हात लावावा लागत नाही. दुर्गा रागासाठी यातील ३ गाळून ४ घेतला की झाले. मालकंसाची गोष्ट मात्र निराळी आहे. फोनला स्वर चढवता येतो, उतरवता येत नाही. म्हणून कोमल गंधार हवा असेल तर २ दाबून मग #, कोमल धैवतासाठी ५ आणि #, कोमल निषादासाठी ६ आणि # असा वळसा घ्यावा लागतो. परिणामी ज्या रागात ऋषभ आणि पंचम यांना मज्जाव आहे, तो राग ऋषभ आणि पंचम यांचीच बटणे दाबून लिहिला जातो. कानाला यात काहीच खटकत नाही, पण स्वरांच्या नावांवर वाढलेल्या विद्यार्थ्याला ही तऱ्हा चमत्कारिक वाटल्यावाचून राहणार नाही.

मर्यादाही लहान नव्हत्या. फोनचे सप्तक बारा समान पायऱ्यांत विभागलेले असल्याने त्याचा गंधार षड्जाच्या सुमारे १.२६ पट कंपनांचा येतो, तर तंबोऱ्याशी जुळणारा नैसर्गिक गंधार सव्वापट असतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे, म्हणजे मींड घेणे, या यंत्राला शक्यच नव्हते. हेच दोन आक्षेप घेऊन आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मराठी नाट्यसंगीतात मात्र त्या काळातही पेटी वाजतच राहिली. ज्या न्यायाने पेटी क्षम्य ठरली, त्याच न्यायाने कंपोजरलाही थोडी सवलत देण्यास हरकत नसावी. तालाच्या बाबतीत मात्र तो अगदीच दरिद्री होता: लय मिनिटाला किती ठोके या हिशेबाने ठरे, पण सम कोणती आणि खाली कोणती, याची खूण करण्याची सोय त्यात नव्हती.

हे फोन एकस्वरी होते, म्हणजे त्यांतून एका वेळी एकच स्वर वाजे. २००२ च्या सुमारास पॉलिफोनिक, म्हणजे एकाच वेळी अनेक स्वर वाजवणारे फोन आले तेव्हा ही मोठी प्रगती समजली गेली, आणि स्वरसंवादावर उभ्या असलेल्या पाश्चात्त्य संगीताच्या दृष्टीने ती होतीही. एकाच स्वरपंक्तीवर चालणाऱ्या भारतीय संगीताची अडचण मुळात ती नव्हतीच. पुढे एमपी३ आली आणि गायकाचा प्रत्यक्ष गळा मींडेसह घंटीत उतरला. त्यानंतर तालुक्याच्या गावी मेमरी कार्डात गाणी भरून देणारी दुकाने चालू लागली आणि रिंगटोन ही रचण्याची नव्हे, निवडण्याची वस्तू झाली. कॉलर ट्यून तर फोनमध्येही नसते. ती कंपनीच्या यंत्रणेत असते, फोन करणाऱ्याला ऐकू येते आणि जिच्यासाठी पैसे भरले जातात ती ज्याने भरले त्याच्या कानी पडत नाही. ध्वनीचा दर्जा या प्रवासात निःसंशय वाढला, परंतु सामान्य माणसाला बोटांनी स्वर मोजायला लावणारे साधन मात्र गेले, आणि हा सौदा तोट्याचा झाला असेच म्हणावे लागते.

ज्यांच्या कपाटात असा जुना फोन चालू स्थितीत पडून असेल त्यांनी मेनूत कंपोजर शोधून पाहावा. १, २, ३, ५, ६, मग १ व * असे दाबल्यास भूपाचा आरोह तार षड्जापर्यंत जातो. उतरताना ६ नंतर * दोनदा दाबावा, कारण सप्तके फक्त तीन असून ती वरच्या दिशेनेच फिरतात; त्यानंतर ५, ३, २, १. मालकंस करून पाहायचा असल्यास आधी # चा सराव करावा.