चेहऱ्यावर भाषा लिहिलेली नसते

सप्टेंबर लागला की हाँगकाँगच्या बड्या कंपन्यांमध्ये मॅनेजमेंट ट्रेनींच्या भरतीची गडबड सुरू होते. स्वायर, जार्डिन मॅथिसन, एचएसबीसी ही तिथली दीडशे-दोनशे वर्षं जुनी नावं. त्यांच्या जोडीला सुपरमार्केटच्या साखळ्या, विमान कंपन्या, वीज आणि रेल्वे चालवणारे उद्योग. नुकत्याच पदवी घेतलेल्या मुलामुलींना निवडायचं, दीड-दोन वर्षं तीन-चार खात्यांतून फिरवायचं आणि मग एखाद्या लहानशा विभागाचा कारभार त्यांच्यावर सोपवायचा, अशी ही पद्धत. जागा मोजक्या, अर्ज ढिगाने. आणि त्या ढिगात व्हँकुव्हर, टोरांटो, सिडनी, लंडन इथे वाढलेल्या चिनी मुलांचे अर्ज ठरलेलेच.

मी टोरांटोला खेटून असलेल्या मार्कहममध्ये राहते. इथली जवळपास निम्मी वस्ती चिनी वंशाची, आणि त्यातली जुनी घरं बहुतेक हाँगकाँगहून आलेल्यांची. १९८४ साली ब्रिटन आणि चीन यांच्यात हाँगकाँगच्या हस्तांतराचा करार झाला तेव्हाच तिथल्या मध्यमवर्गाने बाहेरचा विचार सुरू केला होता. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकाच्या परिसरात गोळ्या चालल्या आणि विचार करणारे बॅगा भरू लागले. १९९२ या एकाच वर्षात ६० हजारांहून जास्त माणसांनी हाँगकाँग सोडलं. पुष्कळ घरांत बायको-मुलं कॅनडात आणि नवरा नोकरीसाठी परत हाँगकाँगला, असा संसार वर्षानुवर्षं चालला. सतत विमानात असणाऱ्या त्या बापांना हाँगकाँगचे लोक अंतराळवीर म्हणायचे.

आज ज्यांची पदवी हातात पडते आहे ती त्याच पिढीची मुलं. माझ्या शेजारच्या घरातली मुलगी त्यांच्यापैकी एक. जन्म इथला, वाणिज्य शाखेची पदवी इथली, मला आंटी म्हणते आणि महत्त्वाचं काही असलं की आधी माझ्याशी बोलते, मग आईशी. यंदा तिने हाँगकाँगच्या एका कंपनीत अर्ज केला आहे.

का जायचं, याला तिच्याकडे साधी उत्तरं आहेत. २०२५च्या जुलैमध्ये कॅनडात १५ ते २४ या वयोगटातली बेरोजगारी १४ टक्क्यांच्या पुढे गेली. तिच्या वर्गातली निम्मी मुलं अजून उन्हाळी कामांवर तग धरून आहेत. हाँगकाँगमध्ये पगारावरचा कर कमी, आणि तेविसाव्या वर्षी तुमच्या हाताखाली माणसं देणारी नोकरी इथे सहसा मिळत नाही. दुसरं कारण ती जरा अडखळत सांगते. इथल्या कचेऱ्यांत चिनी मुलं हिशेबाला, विश्लेषणाला हवी असतात. माणसं सांभाळायची जागा निघाली की नजर दुसरीकडे वळते. जेन ह्युन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या आशियाई नोकरदारांवर पुस्तक लिहिलं तेव्हा या अडथळ्याला ‘बांबूचं छत’ हे नाव दिलं. हाँगकाँगच्या बैठकीत आपल्यासारखेच चेहरे असतील, तिथे आपण चिनी आहोत हा मुद्दाच उरणार नाही, असं तिला वाटतं. मला मात्र वाटतं, तिथे तो मुद्दा वेगळ्या वाटेने तिच्यासमोर उभा राहणार आहे.

आधी दाराशी काय आहे ते बघू. शांघायची वाट तिने सुरुवातीलाच सोडली, आणि ते बरोबर केलं. चीनला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही, आणि आपल्याकडच्या ओसीआय कार्डासारखं, केवळ वंशाच्या नात्यावर, परदेशी पारपत्र ठेवून आयुष्यभर ये-जा आणि नोकरी करू देणारं काही तिथे नाही. आजोबा ग्वांगडोंगचे असोत की आणखी कुठले, कामाचा परवाना कुठल्याही परदेशी माणसासारखाच काढावा लागतो, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे २ वर्षांचा अनुभव लागतो. ताजा पदवीधर तिथेच अडतो. सिंगापूरने २०२३ पासून परदेशी नोकरदारांसाठी गुणांची पद्धत आणली. पगार, पदवी आणि कंपनीत कुठल्या देशाचे किती लोक आहेत, हे सगळं त्यात मोजतात. हाँगकाँगचं दार या मुलांसाठी सर्वांत मोकळं. मे २०१५ पासून तिथे एक खास योजना आहे: आई किंवा वडील हाँगकाँगचे कायम रहिवासी, मूल परदेशात जन्मलेलं, वय १८ ते ४० आणि हातात पदवी, एवढं असलं तर नोकरी ठरलेली नसतानाही तिथे जाऊन राहता येतं, काम शोधता येतं.

नागरिकत्वाच्या याच कायद्यांत एक गाठ आहे आणि ती या घराला रात्री झोपू देत नाही. मुलगी कॅनडात, स्थायिक झालेल्या आईवडिलांच्या पोटी जन्मली म्हणून ती परदेशी. आई हाँगकाँगमध्ये जन्मलेली. तिने राष्ट्रीयत्व बदलल्याची तिथे रीतसर नोंद केली नसेल तर कॅनडाचं पारपत्र खिशात असूनही तिथलं सरकार तिला चिनी नागरिकच मानतं. म्हणजे उद्या मुलीला भेटायला गेल्यावर काही अडचण आली, तर कॅनडाची वकिलात मुलीसाठी धावू शकेल, आईसाठी नाही. २०२० साली तिथे राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला तेव्हापासून या घरात हा विषय टाळला जातो. त्यानंतर हाँगकाँग सोडून आलेली दोन कुटुंबं याच रस्त्यावर राहायला आली आहेत. त्यांना ही पोर उलट का निघाली आहे ते कळत नाही, आणि ते तसं तिच्या आईला स्पष्ट बोलूनही दाखवतात. मी त्यांना चूक म्हणणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते या मुलीने पाहिलेलं नाही.

पण मला आज लिहायचं आहे ते एका वेगळ्या गोष्टीबद्दल. मुलाखतीच्या तयारीसाठी तिच्या आईने ‘मिंग पाओ’ या इथल्या चिनी दैनिकाचं अर्थपान जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. मी सहज गेले होते. मुलगी ओळीखाली पेन्सिल सरकवत मोठ्याने वाचत होती. गृहकर्जाच्या व्याजाची बातमी. तीन-चार अक्षरं झाली की पेन्सिल थांबायची, आई पुढचं अक्षर सांगायची. एका परिच्छेदाला चहा गार झाला. गंमत नाही, ही मुलगी घरात अखंड हाँगकाँगची कँटोनीज बोलते, आजीशी फोनवर तासभर भांडते. पण त्या भाषेत तिने जेवण, तब्येत, रागलोभ आणि नातेवाईक यांच्याबद्दल बोललेलं आहे. भाडेकरार, थकबाकी, मनुष्यबळ यांच्याबद्दल कधीच नाही. त्यात हाँगकाँगमध्ये बोलायची भाषा एक आणि कागदावर लिहायची दुसरी. लिहिताना व्याकरण मँडरिनच्या, म्हणजे चीनच्या प्रमाण भाषेच्या, वळणाचं. ‘तो’, ‘नाही’, ‘आहे’ असे रोजचे शब्दसुद्धा कागदावर वेगळे. शनिवारच्या चिनी शाळेत तिला जुनी, पूर्ण अक्षरं शिकवली. विद्यापीठात मँडरिनचा वर्ग घेतला तिथे चीनच्या मुख्य भूमीवरची सोपी केलेली अक्षरं होती. दोन्हींपैकी कशावरच हात बसला नाही.

आता कचेरीत काय होईल ते पाहा. सुपरमार्केटच्या साखळीत पहिले सहा महिने गोदामात आणि दुकानात काढायचे असतात. तिथला पर्यवेक्षक पन्नाशीचा, त्याच्या हाताखालून असे अनेक ट्रेनी वर गेलेले. माल कमी का आला, याच्या सगळ्या सूचना फोनवरच्या गटात चिनी अक्षरांत येणार, त्याही बोलीच्या शब्दांत आणि घाईत. बैठकीचं टिपण औपचारिक चिनीत. शेन्झेनच्या पुरवठादाराशी मँडरिन. तिच्या शेजारी बसलेला दुसरा ट्रेनी मुख्य भूमीवरून हाँगकाँगच्या विद्यापीठात आलेला. त्याला मँडरिन जन्मजात, इंग्रजी उत्तम आणि कँटोनीज चार वर्षांत उचललेली. आणि तिसरा ट्रेनी जर गोरा कॅनेडियन असेल, तर त्याने दोन वाक्यं कँटोनीजमध्ये बोलली की सगळं खातं टाळ्या वाजवेल. या मुलीने दहा वाक्यं नीट बोलून अकराव्याला चूक केली की लोक एकमेकांकडे बघतील. हे माझं कल्पनाचित्र नाही. तिची मावसबहीण यातून गेली आहे, आणि वर्षभराने ती नोकरी सोडून व्हँकुव्हरला परतली. तिला कुणी वाईट वागवलं नाही. फक्त तिला मदत लागेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, कारण तिचा चेहरा तिथल्यासारखा होता.

इथे मला इतिहास आठवतो आणि राग येतो. हाँगकाँगच्या वसाहत सरकारने १८६२ मध्ये ब्रिटनहून तरुण पोरं आणायला सुरुवात केली. त्यांना कॅडेट म्हणत. पुढे कारभार चालवायचा म्हणून त्यांना आधी साधारण २ वर्षं सरकारी खर्चाने चिनी शिकवत. त्यांच्याकडून कुणी अपेक्षा केली नाही की बोटीतून उतरल्यावर अर्ज वाचता यावेत. आपल्याकडेही तेच होतं. मुंबई इलाख्यात नेमलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याला देशी भाषेची परीक्षा द्यावी लागे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला तो कुणाच्या गरजेपोटी, हे वेगळं सांगायला नको. राज्य करणाऱ्यांना भाषा शिकायला वेळ आणि पैसा दोन्ही मिळाले. त्याच काळात हाँगकाँगच्या व्यापारी पेढ्यांत चिनी माणूस कॉम्प्रडोर म्हणून काम करायचा, म्हणजे गोऱ्या साहेबांच्या आणि बाजाराच्या मधला माणूस. जार्डिनच्या पेढीचे रॉबर्ट हो तुंग त्यातले सर्वांत नावाजलेले. दोन्हीकडची भाषा हीच कॉम्प्रडोरची खरी पुंजी होती आणि ती त्याची त्याने कमावलेली असे. आजच्या ट्रेनी मुलीकडून या कंपन्यांना साहेबाची पदवी आणि कॉम्प्रडोरची भाषा दोन्ही हवी आहे, आणि दुसरी फुकटात.

वेतनाचंही तसंच. परदेशातून आणलेल्या साहेबाला घरभाडं, मुलांची शाळा, मायदेशी जायचं तिकीट असा सरंजाम मिळायचा; क्वचित अजून मिळतो. या मुलांना स्थानिक दराने घेतात. तो दर हाँगकाँगमध्ये आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या मुलाला पुरतो. भाड्याने खोली घेणाऱ्याला २०० चौरस फुटांतही कसंबसं भागवावं लागतं. या मुलीची आजी शा टिनला राहते आणि ईस्ट रेलची गाडी २०२२ पासून थेट अ‍ॅडमिरल्टीला जाते, म्हणून हिशेब जुळतो. आजी नसती तर मी जा म्हटलं नसतं.

हो, मी तिला जा म्हटलं आहे. काम चांगलं आहे. बाविसाव्या वर्षी गोदामातली मालाची मोजदाद, दुकानातली भांडणं, भाडेकराराची बोलणी, संचालकांसमोरचं सादरीकरण, हे सगळं दोन वर्षांत पदरात पडणं म्हणजे मोठी शिदोरी आहे. मात्र परत चालले आहे असं म्हणू नकोस, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिची आई १९९३ साली इथे आली तेव्हा दिवसा दुकानात उभी राहायची आणि रात्री इंग्रजीच्या वर्गाला जायची, कारण आपण परक्या देशात आलो आहोत हे तिला पक्कं ठाऊक होतं. मुलीनेही तेवढ्याच तयारीने जावं. गेला महिनाभर ती रोज संध्याकाळी दोन तास अक्षरं गिरवते आहे, आईच्या मैत्रिणींना कामावर येणारे व्यावसायिक मेल त्यांच्याकडून मागून घेऊन वाचते आहे.

बे एरियातल्या, न्यू जर्सीतल्या मराठी शाळांत शनिवार-रविवारी मुलांना सोडणाऱ्या आईबापांनीही हे लक्षात घ्यावं. पुण्यातल्या नोकरीकडे डोळा लावून बसलेली आपली मुलं वाढत आहेत. आजीशी अस्खलित बोलणारा मुलगा महापालिकेची नोटीस वाचू शकतोच असं नाही, आणि तीत काय लिहिलंय हे विचारायचं धाडस त्याला त्याच्या आडनावामुळेच होत नाही.

शेजारच्या मुलीची शेवटची मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे. अखेरीस तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं मुलाखत घेणारे म्हणतात तेव्हा मुलं बहुधा कंपनीच्या भविष्याबद्दल काहीतरी गोड बोलतात. तिने विचारायचा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून इंग्रजीत लिहून काढला, मग तिच्या आईने तो कँटोनीजमध्ये बसवला: मला बोलता येतं, वाचता-लिहिता पुरेसं येत नाही, ते शिकवायला कंपनी कोण माणूस देईल, कामाच्या वेळात की वेळेबाहेर, आणि त्याचा खर्च कुणाचा?