पॅकेज विचारणाऱ्यांस

आमच्या उमरेडात हल्ली मुलगा काय शिकतो हे कोणी विचारीत नाही. पॅकेज किती, एवढेच विचारतात. पूर्वी पगार असे. तो महिन्याला मिळे आणि महिन्यालाच संपे. पॅकेज वर्षाचे सांगतात, त्यामुळे आकडा फुगतो आणि ऐकणाऱ्याची मान लवते.

माझ्या हाताखालून गेलेली एक मुलगी, बाप कोळशाच्या खाणीत, नागपुरास संगणकाची पदवी घेऊन आली आणि नोकरी बाजूला ठेवून संशोधनाची एम. एस. करीन म्हणाली. गल्लीत जणू आग लागली! "अजून दोन वर्सं शिकून काय कलेक्टर होऊन राह्यली का?" हा शेजारच्या काकूंचा अभिप्राय, आणि तो त्यातल्या त्यात सौम्य होता.

मी स्वतः मॅट्रिक; पोरांना चित्रकला शिकवावी आणि सुटीत कादंबऱ्या लिहाव्यात, हा माझा व्यवसाय. तरी या वादात मी तोंड घालणार, कारण विरुद्ध पक्षालाही संगणकातले माझ्यापेक्षा अधिक कळत नाही.

ही पदवी म्हणजे काय, ते त्या मुलीनेच मला समजावून दिले. एम. टेक.ला शिकण्याचे विषय अधिक, प्रबंध त्या मानाने आटोपशीर. संशोधनाच्या एम. एस.चे उलट : विषय थोडे, आणि ज्याचे उत्तर कोणत्याही पुस्तकात नाही असा एक प्रश्न घेऊन बसायचे. दोन वर्षांची तीन होतील, ही तयारी हवी. मुंबईच्या आय. आय. टी.त ही सोय आहे, मद्रासला तर पुष्कळ वर्षांची आहे. आधी 'गेट'ची परीक्षा, मग मुलाखत. केंद्राच्या संस्थांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांस महिना १२,४०० रुपये विद्यावेतन मिळत आले आहे. हा आकडा ऐकताच आमच्या गल्लीत हशा पिकला. हसणाऱ्यांत दहावीनंतर पुस्तकाला हात न लावलेले तिघे होते.

विजय भटकर हे नाव या हसणाऱ्यांनाही ठाऊक आहे. भाषणात ते घेतातही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचा हा मुलगा नागपुरात अभियंता झाला, १९६५ साली. तिथेच थांबला असता तर कोणी नावे ठेवली नसती. तो बडोद्यास पुढची पदवी घेण्यास गेला, तिथून दिल्लीच्या आय. आय. टी.त डॉक्टरेटला. पुढे अमेरिकेने आपल्याला महासंगणक देताना हात आखडला, तेव्हा १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' तयार झाला. त्या आधीच्या वर्षांचे पॅकेज किती धरावे, हे काकूंनी मला सांगावे.

पण मोठ्यांची उदाहरणे देऊन मी निसटणार नाही. त्या मुलीचा प्रश्न फार लहान आहे आणि आमच्या दाराशीच आहे. फोनला बोलून मजकूर उतरवून घेता येतो, हे आता लेकरांनाही ठाऊक आहे. मी पुस्तकी मराठीत बोललो की माझा फोन बरे लिहितो. तिची आजी बोलली, "पानी भरून राह्यली, मंग येतो," की तो बावचळतो. का? पुण्याच्या एल-थ्री-क्यूब या गटाने २०२२ साली मराठीचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला : सुमारे २ कोटी ४८ लाख वाक्ये. उपकाराचे काम, यात वाद नाही. पण त्यात वृत्तपत्री मजकूर अधिक. आणि छापून आले तेच यंत्राने वाचायचे. आजी कुठे छापून आली आहे?

म्हणजे कोणीतरी उमरेड-भिवापुराकडच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना बोलते करावे, ते बोलणे ऐकून शब्दन् शब्द लिहावा, यंत्राने शंभरातले किती शब्द चुकवले ते मोजावे, आणि मग ती चूक कशी घटेल ते शोधावे. हा एक प्रबंध झाला. हे काम अमेरिकेतल्या कंपनीने आपल्यासाठी करावे अशी वाट पाहत बसायचे असेल, तर खुशाल बसावे. तिकडच्या माणसाला 'राह्यली' या शब्दात अडचण आहे हेच मुळी कळणार कसे?

ज्या घरावर कर्ज आहे, त्या घरच्या मुलाने आधी नोकरी धरावी. त्याला मी बोल लावणार नाही. बाहेरदेशी जाण्याची शिडी किंवा बेकारी झाकण्याची चादर म्हणून ही पदवी घेणारेही असतात. त्यांची वकिली मी घेतलेली नाही. माझा राग आहे तो लग्नात जेसीबीवरून फुले उधळणाऱ्यांवर. एका रात्रीच्या त्या खर्चात एखाद्या पोरीची दोन वर्षे निभतात. तेच लोक बापाला गाठून "पोरीला कायले शिकवत बसला?" असे विचारतात, आणि बाप बिचारा खाली मान घालतो.

या बापाने घातली नाही. "सर, दोन वर्सं मी अजून खानीत जातो," एवढेच तो मला म्हणाला.

'गेट' फेब्रुवारीत आहे. तोवर मुलीने घरच्या घरी सुरुवात करायचे ठरवले असून पहिले बोलणे आजीचेच टिपून घ्यायचे आहे. आजीची अट एकच : ती बोलत असेपर्यंत शेजारच्या काकू घरात नकोत.