शून्य पूर्णांक तीन टक्के पुरुषार्थ

आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये दुपारी एक ते पावणेदोन या वेळात देशाचे बहुतेक प्रश्न सुटतात. विषय रस्त्यातल्या खड्ड्यांचा असो, लोकलच्या गर्दीचा असो नाहीतर बेकारीचा, ताटातला भात संपेपर्यंत गाडी एकाच स्टेशनात येऊन थांबते. "अरे, मूळ प्रॉब्लेम लोकसंख्या! एकदा कडक कायदा आणला पाहिजे. दोनच्या वर मुलं झाली की रेशन बंद, मतदान बंद." सगळे माना डोलावतात. मग ताक येतं.

यात बिचाऱ्या कँटीनचा काय दोष? 'वाढती लोकसंख्या : एक भस्मासुर' हा निबंध आपण सगळ्यांनीच लिहिलाय. मी तर दोनदा लिहिला, सहावीत एकदा आणि नववीत एकदा. दोन्ही वेळा बाईंनी चांगले मार्क दिले. तेव्हापासून आकडे बदलले, आपण मात्र अजून तोच निबंध लिहितोय, फक्त वहीऐवजी व्हॉट्सॅपवर.

तर आकडे बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण नावाचा एक अवाढव्य खटाटोप आपल्या देशात १९९२-९३ पासून अधूनमधून होत असतो. तो पार पाडते आपल्या मुंबईतली, देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या फेरीत देशभरातल्या सहा लाख छत्तीस हजारांहून जास्त घरांत माणसं जाऊन आली. सव्वासात लाख बायकांशी बोलली. मुलं किती, कधी झाली, किती जगली, अजून हवीत का, हे सगळं विचारलं. वजनं घेतली, बोटाला टोचून रक्त तपासलं. (आम्हाला एका अ‍ॅपच्या सर्व्हेला चाळीस उत्तरं मिळवताना घाम फुटतो, तेही कूपन देऊन.)

यातला एक आकडा म्हणजे एकूण जननदर. आजच्या प्रमाणानेच मुलं होत राहिली तर एका बाईला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील, तो हा आकडा. लोकसंख्या पिढ्यानपिढ्या आहे तेवढीच राहायची तर तो साधारण २.१ लागतो. दोन मुलं आईबापांची जागा घेतात, आणि वरचा .१ एवढ्यासाठी की मुली मुलग्यांपेक्षा थोड्या कमी जन्मतात आणि काही जणी आई होण्याच्या वयापर्यंत पोचत नाहीत. आता पाच फेऱ्यांचे आकडे ओळीने वाचा. ३.४, २.९, २.७, २.२ आणि पाचव्या फेरीत २.०. शहरांत तर १.६. महाराष्ट्रात १.७, गोव्यात १.३. नमुना नोंदणी पद्धत म्हणून सरकारची दुसरी एक वेगळी यंत्रणा आहे, तिचा २०२३ सालचा देशाचा आकडा १.९. दोन वेगळ्या सिस्टिम्स एकच लॉग दाखवत असतील तर आपण काय म्हणतो? बग नाहीये, खरंच तसं घडतंय.

म्हणजे ज्या भस्मासुराला मारायला कँटीन कायदा मागतंय, तो आधीच आडवा झालाय.

"मग गर्दी का वाढतेय?" हा प्रश्न येणारच, आणि तो रास्त आहे. एप्रिल २०२३ मध्ये आपण लोकसंख्येत चीनला मागे टाकलं, एकशे बेचाळीस कोटींच्या वर गेलो, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०६० च्या दशकात एकशे सत्तर कोटींच्या आसपास पोचून मग उतरायला लागू. कारण साधं आहे. जेव्हा घरटी तीन-चार मुलं होत होती तेव्हा जन्मलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी अशा बायकाच इतक्या आहेत की एकूण मुलं खूप होतात. त्या बायका तर जन्मून बसल्यात, आता त्यांच्यावर कुठला कायदा लावणार? आणि तुमच्या आमच्या रस्त्याचं म्हणाल, तर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली माणसं तिथे पैदा झालेली नाहीत. नोकरी तिथे आहे म्हणून ती आलीत, त्यातली निम्मी एकेकट्याने अख्खी गाडी घेऊन, आणि त्यातच एक मीही असतो.

चर्चेत यानंतर 'ते लोक' येतात. कोण ते सांगायला नको. पहिल्या फेरीत हिंदू बायकांचा जननदर ३.३ होता आणि मुस्लिम बायकांचा ४.४. पाचव्या फेरीत १.९ आणि २.४. म्हणजे फरक १.१ वरून साधारण ०.४ वर आला, आणि दोन मुलं कमी होण्याचा वेग मुस्लिम बायकांमध्ये जास्त होता. बिहारमधल्या हिंदू बाईला केरळातल्या मुस्लिम बाईपेक्षा सरासरीने जास्त मुलं होतात. आता यात धर्म शोधायचा की शाळा? शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बायकांचा देशातला जननदर २.८, बारावी आणि त्यापुढे शिकलेल्यांचा १.८. असो. या मुद्द्यावर मी जास्त वेळ घालवणार नाही, कारण ज्यांना आकडे पटायचे त्यांना एवढ्यावर पटतील आणि बाकीच्यांना सातवी फेरी आली तरी पटणार नाहीत.

मला खरं बोलायचंय ते वेगळ्याच रकान्याबद्दल. ३.४ वरून २.० पर्यंत आपण आलो, ते नेमकं कुणाच्या जिवावर?

हजार जोडपी एका मैदानात उभी करा. बायको १५ ते ४९ वयाची, देशाच्या सर्व थरांतली. पाचव्या फेरीच्या हिशेबाने त्यातल्या ३७९ बायकांची नसबंदी झालेली असेल. आणि नवऱ्याची झालीय अशी जोडपी किती?

तीन.

टक्क्यांत सांगायचं तर ३७.९ आणि ०.३. कंडोम वापरणारी जोडपी साडेनऊ टक्के. महाराष्ट्रात तर जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालंय, आणि ते बहुतेकींचं पंचविशीच्या आसपास, म्हणजे ज्या वयात आपण पहिली नोकरी बदलायची की नाही यावर तीन महिने खल करतो. पुरुषांची नसबंदी ही पंधरा-वीस मिनिटांची गोष्ट आहे. पोट उघडावं लागत नाही, माणूस त्याच दिवशी घरी जातो, तीन महिन्यांनी एक तपासणी करून घेतो, झालं. दोन्हींतलं सोपं ऑपरेशन कुठलं, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. पण याच सर्वेक्षणात पुरुषांना विचारलं तर पस्तीस टक्के म्हणाले की गर्भनिरोधन ही बायकांची बाब आहे, पुरुषांनी त्यात डोकं घालायचं कारण नाही. आणि पाचातला जवळजवळ एक जण म्हणाला की अशी साधनं वापरणारी बाई वाईट चालीची होऊ शकते. म्हणजे काम तिचं, आणि ते केलं तर संशयही तिच्यावरच! च्यायला, असा जॉब रोल आपल्याला कुणी ऑफर केला असता तर आपण मुलाखतीतूनच उठून आलो असतो.

माझ्या आईचं ऑपरेशन धाकट्या बहिणीच्या जन्मानंतर झालं. मी मोठा झाल्यावर बाबांना एकदा विचारलं, तुम्ही का नाही करून घेतलंत? ते अगदी सहज म्हणाले, "मला कामावर जावं लागायचं ना." आई तेव्हा रोज शिलाई मशीनवर बसायची. ऑपरेशननंतर किती दिवसांनी पुन्हा बसली ते तिला विचारायचं मला सुचलं नव्हतं. मागच्या महिन्यात विचारलं. आठव्या दिवशी.

हे असं आपोआप झालं नाही, त्याला इतिहास आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांच्या वर नसबंद्या झाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या होत्या, कित्येक जबरदस्तीच्या. आपला महाराष्ट्र तर इतका पुढे की विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरही केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. १९७७ मध्ये सरकार पडलं आणि खात्याचं नाव 'परिवार नियोजन' वरून 'परिवार कल्याण' झालं. राज्यकर्ते त्यातून एक धडा मात्र पक्का शिकले. पुरुषांच्या वाटेला गेलं तर खुर्ची जाते. बायकांच्या वाटेला गेलं तर काही होत नाही.

काहीच होत नाही? २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांच्या नसबंद्या उरकल्या गेल्या. त्यानंतर तेरा-चौदा जणी मेल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांत अशी शिबिरं बंद करा असं सांगितलं. सरकार पडलं नाही.

आणि आता कडक कायद्याकडे येऊ. जणू तो कधी करूनच पाहिला नव्हता! २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक नाही, हा नियम महाराष्ट्रात आला. २००५ च्या नियमांनी सरकारी नोकरीलाही तीच अट लागली. इतर राज्यांतही असे नियम झाले, आणि निर्मला बुच या निवृत्त सनदी अधिकारी बाईंनी आंध्र, हरियाणा, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थानात जाऊन त्यांचं काय झालं ते तपासलं. काय सापडलं असेल? पद वाचवायला बायकोला सोडून दिलेले नवरे. मूल माझं नाहीच म्हणणारे बाप. दत्तक देऊन टाकलेली पोरं. आणि मुलगी असेल तर पाडलेले गर्भ. मध्य प्रदेश, हरियाणाने पुढे तो नियम मागे घेतला, आंध्रनेही २०२४ मध्ये घेतला. उलट केरळ १९८८ च्या सुमाराला २.१ वर पोचला, असल्या कुठल्याही शिक्षेशिवाय. तिथे मुली शाळेत जात होत्या आणि जन्मलेली मुलं जगत होती, म्हणून.

'दोनच' ची सक्ती आणि 'एक तरी मुलगा' ची हौस एकत्र आली की तिसरा आकडा बिघडतो. जन्माच्या वेळी हजार मुलग्यांमागे निसर्गतः साडेनऊशेच्या आसपास मुली असतात. पाचव्या फेरीत देशात निघाल्या ९२९. महाराष्ट्रात चौथ्या फेरीत ९२४ होत्या, त्या पाचव्या फेरीत झाल्या ९१३. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये आपणच केला होता, हे आठवलं की आणखीच शरम वाटते. आणि मंडळी, हे सगळं खेड्यातल्या अडाण्यांवर ढकलायची सोय नाही. देशात खेड्यांत ९३१, शहरांत ९२४. सोनोग्राफीचं मशीन आपल्या गल्लीत आहे, आणि पैसेही आपल्याच खिशात.

(कुणीतरी आता २०२१ च्या नोव्हेंबरातली ती बातमी काढेल की देशात हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया झाल्या. तो आकडा आदल्या रात्री घरात झोपलेल्या माणसांचा आहे. पोटासाठी परगावी गेलेला नवरा, बराकीतला जवान, होस्टेलमधला मुलगा त्यात त्या घरी नसतोच. शिवाय म्हाताऱ्या बायका म्हाताऱ्यांपेक्षा जास्त जगतात. त्यावरून मुलींचे दिवस आले म्हणणं म्हणजे सकाळी अकरा वाजता सोसायटीत चक्कर मारून पुण्यात पुरुषच राहत नाहीत म्हणण्यासारखं आहे.)

गंमत म्हणजे कँटीन 'दोनच' वर अडकलेलं असताना वरची मंडळी एव्हाना दुसऱ्या टोकाला पोचलीत. २०२४ च्या ऑक्टोबरात चंद्राबाबू नायडूंनी जास्त मुलं होऊ द्या म्हणून सांगितलं, डिसेंबरात नागपुरात मोहन भागवतांनी तिनाचा आकडा दिला. म्हणजे कालपर्यंत जिला 'बांधून घे' सांगत होतो, तिला आता 'अजून एक' सांगायचं. पण सोय काय करणार? २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. तिसऱ्याला बारा. बापाला खासगी नोकरीत कायद्याने एकही दिवस नाही. कंपनीच्या मर्जीवर सगळं. आमच्याकडे पाच दिवस मिळतात, आणि माझ्या टीममधल्या एकाने त्यातल्या दोन दिवशी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून रिलीज केलं. त्याचं ऑल-हँड्समध्ये कौतुक झालं!

रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, सरकारी कार्यक्रम सुरू व्हायच्या एकतीस वर्षं आधी. त्यांना देशाची लोकसंख्या मोजायची हौस नव्हती. बाईला नको असलेलं मूल तिच्यावर लादू नये, एवढी साधी गोष्ट ते सांगत होते, आणि त्यापायी त्यांची नोकरी गेली, खटले अंगावर आले. शंभर वर्षांनी आपण 'दोन' की 'तीन' वर भांडतोय, आणि तिला किती हवीत हा प्रश्न अजून कँटीनच्या टेबलावर आलेला मी तरी ऐकला नाही.

बाकी, २०११ नंतरची पहिली जनगणना आता १ मार्च २०२७ या तारखेच्या हिशेबाने होणार आहे. एकूण आकडा जाहीर झाला की संध्याकाळपर्यंत भस्मासुर पुन्हा फॉरवर्ड व्हायला लागेल, लिहून ठेवा. त्या दिवशी माझ्यासाठी एक करा. मोठा आकडा सोडा आणि शून्य ते सहा वर्षांच्या मुलींचा रकाना शोधा. २००१ मध्ये हजार मुलग्यांमागे ९२७ मुली होत्या, २०११ मध्ये ९१८. मी तो रकाना आधी उघडणार आहे.