वारशाचे पिस्तूल आणि योग्य काडतूस

आमच्या घरी दसऱ्याच्या शस्त्रपूजनात तलवार व कट्यार यांच्या जोडीला एक लहानसे रिव्हॉल्व्हर मांडले जाते. घरातील सारे त्याला पिस्तूलच म्हणतात. ते ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत असलेल्या आजोबांचे. पुढे ते वडिलांकडे आणि २०१४ साली वडील निवर्तल्यावर रीतसर परवाना घेऊन माझ्याकडे आले. लष्कर भागातील आणखीही काही मराठी घरांत असा वारसा जपलेला असेल, म्हणूनच हा विषय या स्मरणिकेत मांडण्याचे धाडस करीत आहे.

काही वर्षांपूर्वी थोरले बंधू दसऱ्याला आले असता म्हणाले, "अरे, आजोबांची आठवण आहे. नवी काडतुसे आण, दोन बार काढू." मलाही मोह झाला. शस्त्रदुरुस्ती करणाऱ्या एका वृद्ध कारागिराकडे ते घेऊन गेलो आणि विचारले, "यात कोणते काडतूस चालेल?"

त्याने सांगितलेले सर्वांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. 'बत्तीस बोअर' या एकाच नावाखाली किमान तीन वेगळी काडतुसे येतात. एक आखूड, १८७८ सालचे, काळ्या दारूसाठी योजलेले. दुसरे लांब, १८९६ सालचे. आणि तिसरे स्वयंचलित पिस्तुलाचे, ज्याचा दाब या दोहोंपेक्षा बराच अधिक. आमचे शस्त्र पहिल्या जातीचे. परंतु काही जुन्या सिलिंडरांत तिसरेही बेमालूम शिरते. शिरले म्हणजे चालले, असे मात्र नव्हे. शतकापूर्वीच्या पोलादाला तो दाब न झेपल्यास सिलिंडर फुटतो आणि इजा होते ती चालविणाऱ्याच्या हाताला व डोळ्यांना. शिवाय अशा कित्येक जुन्या शस्त्रांत घोडा थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेला राहतो. हातून निसटून फरशीवर आपटले तरी बार उडू शकतो. म्हणूनच जुनी जाणती माणसे घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. आमच्या रिव्हॉल्व्हरचा सांधा ढिला झाल्याचे दाखवून कारागीर म्हणाला, "डॉक्टरसाहेब, याचे योग्य काडतूस एकच. कोणतेही नाही!"

बंधूंना हे रुचले नाही. त्याच दसऱ्याला पूजा आटोपून आम्ही आरतीचे तबक ठेवीत होतो. तेवढ्यात त्यांच्या सात वर्षांच्या नातवाने पाटावरचे रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांनी उचलले, धाकट्या बहिणीवर रोखले आणि चाप ओढला. नुसता 'खट्' असा आवाज झाला. सकाळी मी स्वतः सिलिंडर तपासला होता. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही. वडिलांच्या हयातीत त्याच ट्रंकेत एका डबीत जुनी काडतुसे ठेवलेली असत. आणि आमचे बालपण त्याच ट्रंकेभोवती गेले होते.

"आमच्या मुलांना शिस्त आहे, ती हात लावणार नाहीत," असे पालक म्हणतात. अमेरिकेतील अटलांटा येथील एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या ६४ मुलांना दोघा-तिघांच्या २९ गटांत एका खोलीत सोडण्यात आले. खणांत पाण्याची पिस्तुले होती, तशीच एक खरी, परंतु रिकामी बंदूकही होती. २१ गटांना ती सापडली, १६ गटांनी हाताळली आणि १० गटांत कोणीतरी चाप ओढला. बंदूक हाताळणाऱ्या बहुतेक मुलांना सुरक्षिततेची शिकवण आधीच मिळालेली होती! कुतूहल हा बालकाचा दोष नव्हे, तो त्याचा धर्म आहे. दक्षता ही मोठ्यांची जबाबदारी.

शस्त्र पुरातन असल्याने परवाना नको, हाही एक गोड गैरसमज. १९५९ च्या शस्त्र कायद्यातील सूट फक्त दुरुस्तीनंतरही चालू न शकणाऱ्या शस्त्रांना आहे. परवानाधारकाच्या निधनानंतर शस्त्र पोलीस ठाण्यात अथवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करून वारसाने अर्ज करावयाचा असतो. आणि आपल्या चंबळ-ग्वाल्हेर भागात वरातीत हवेत बार काढण्याची जी हौस आहे, ती इतरांच्या जिवाला धोका पोहोचविणारी ठरल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावासास पात्र आहे.

माझे मत स्पष्ट आहे. वारशाचे शस्त्र चालविण्यासाठी नसते. ते रिकामे व कुलपात असावे, किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीपाशी असावी आणि घरात त्याचे एकही काडतूस नसावे. आम्ही ती जुनी डबी रीतसर जमा केली. आता पूजेपूर्वी सिलिंडर उघडून दोघे जण पाहतात, आणि पूजा संपताच शस्त्र कुलपात जाते. पूजा पूर्वीइतकीच साग्रसंगीत होते.

बालरोगतज्ज्ञ बांधवांना एकच विनंती. रॉकेल, कीटकनाशके व आजी-आजोबांच्या गोळ्या कोठे ठेवता, हे आपण पालकांना विचारतोच. त्याच ओघात आणखी एक प्रश्न विचारावा, "घरात शस्त्र आहे का?" प्रथम संकोच वाटेल. मलाही वाटला होता. परंतु तो 'खट्' आवाज अजून कानांत आहे, म्हणून मी विचारतो.