नव्या मत्स्यपेटीतील आजार

दिवाळीत किंवा गृहप्रवेशाच्या निमित्ताने मुलांच्या आग्रहास्तव काचेची मत्स्यपेटी घरी येते. पहिले चार दिवस सारे घर तिच्याभोवती जमते. पाचव्या-सहाव्या दिवशी एखादा मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडू-मिटू लागतो, दुसरा तळाशी पर मिटून बसतो आणि आठवड्याअखेर दोन-तीन मासे गेलेले असतात. दुकानदाराने रोगट मासे दिले, असा समज करून आपण नवे आणतो. तेही जातात. दोष बहुधा माशांत नसतो, नव्या पाण्यात असतो.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे सतत अमोनिया सोडत असतो. उरलेले खाद्य कुजूनही तोच तयार होतो. जुन्या पेटीत दोन प्रकारचे सूक्ष्मजीव हा माल उचलतात. पहिले अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. त्यांची वस्ती फिल्टरच्या स्पंजात व तळाच्या खड्यांत असते आणि ती बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पेटीची स्थिती हंगामातील मोंढ्यासारखी असते: आवक रोजची, उचल मात्र नाही. पाणी आरशासारखे नितळ दिसते आणि मासा त्यातच गुदमरतो.

हिंगोली, वसमत, कळमनुरी या आपल्या भागात त्यात आणखी एक भर पडते. बेसाल्ट खडकातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त व अल्कधर्मी असते. पाण्याचा पीएच एका अंकाने वाढला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे दहापट होतो. उन्हाचाही हिशेब आहेच. २० अंश तापमानाच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. मे महिन्यात वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, तर पाहता पाहता मासे वर येऊ लागतात. अशा वेळी बादलीतील पाणी थोड्या उंचीवरून तांब्याने पुनःपुन्हा ओतत राहावे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात ठेवलेला बरा.

म्हणून मासा मलूल दिसताच प्रथम औषधाच्या बाटलीकडे नव्हे, पाण्याकडे पाहावे. खाद्य दोन दिवस पूर्ण बंद करावे. धडधाकट प्रौढ मासा काही दिवस सहज उपाशी राहू शकतो, त्यामुळे येथे दया म्हणून चिमूटभर टाकणे हेच घातक ठरते. रोज पाव ते तृतीयांश पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळते आणि उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही मारते. म्हणून ते पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडे ठेवून मगच घालावे. सगळे पाणी एकदम ओतून पेटी घासून लख्ख करणे, स्पंज नळाखाली चोळून धुणे, या दोन्ही गोष्टी स्वच्छताप्रिय घरांत हमखास होतात आणि महिनाभरात बसलेली वस्ती एका दुपारी नाहीशी होते. स्पंज धुवायचाच तर पेटीतून काढलेल्याच पाण्यात हलकेच पिळावा.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले व मासा खड्यांवर अंग घासू लागला, तर तो पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समजावा. तो एका परजीवीमुळे होतो. परजीवी माशाच्या कातडीखाली असेपर्यंत त्याला कोणताही उपाय लागू पडत नाही. तो बाहेर पडून पाण्यात पोहू लागतो, त्या थोड्या अवधीतच उपचार गुण देतो. त्यामुळे ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी थांबू नये, किमान दहा ते चौदा दिवस चिकाटी धरावी. बिनआयोडिनचे खडेमीठ प्रतिलिटर २ ते ३ ग्रॅम या प्रमाणात, आधी विरघळवून, दोन दिवसांत थोडे थोडे घालावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५५ लिटर पाणी मावते, त्यावरून वजन काढावे. अंदाजपंचे मूठ टाकू नये. पाणवनस्पतींना हे मीठ सोसत नाही, त्या आधी काढून ठेवाव्यात. हळदीचा व्यापार करणाऱ्या आपल्या घरांत जखमेवर हळद हा स्वाभाविक विचार येतो. पेटीत मात्र ती टाकू नये. पाणी गढूळते आणि गुण काही येत नाही. निळे औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, वापरायचे झाल्यास वेगळ्या टबात वापरावे, कारण मुख्य पेटीतील सूक्ष्मजीवांची वस्ती ते मोडते.

परजीवी मारून मासा वाचवावा काय, हा प्रश्न आपल्या घरांत येणारच, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माझ्या मते त्याचे उत्तर उपचारापेक्षा खरेदीत आहे. पहिल्या महिन्यात मोठ्या पेटीतही दोन-तीनच लहान मासे असावेत, म्हणजे बहुतेक वेळा ही पाळीच येत नाही. आपल्या कठीण पाण्यात मॉली व गप्पी सुखाने राहतात. मऊ पाण्याच्या निऑन टेट्राचा मोह टाळावा. बाजारातील बहुतेक कोरड्या खाद्यात माशांचे किंवा कोळंबीचे पीठ असते, तेव्हा पाकिटावरील मजकूर वाचूनच घ्यावे. मॉली शेवाळ व स्पिरुलिनायुक्त खाद्यावर चांगली जगते. फायटर मात्र मूळचा कीटकभक्षी. ज्या घराला तसे खाद्य देणे मान्य नाही, त्याने तो आणूच नये.

आजार हाताबाहेर जाताना दिसला, तर परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय येथे विचारणा करता येईल. काहीजण कंटाळून, काहीजण जीवदया म्हणून, असे मासे कयाधूत किंवा सिद्धेश्वरच्या जलाशयात सोडतात. तसे कदापि करू नये. रोगी मासा आपला रोग नदीतील माशांना देतो, आणि निरोगी निघाला तरी परका असल्याने तेथील जीवांच्या अन्नावर व जागेवर हक्क सांगतो. मत्स्यपेट्यांतील सकर मासा उजनी धरणात असाच पसरला आहे. तो जाळी फाडतो म्हणून तेथील मच्छीमार त्रस्त आहेत. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा किंवा पेटी बाळगणाऱ्या परिचिताकडे सोपवावा. मेलेला मासा मात्र दिसताक्षणी पाण्यातून काढून कुंडीत पुरावा. तो कुजू लागला की उरलेल्या माशांवरील अमोनियाचा भार त्याच रात्री वाढतो.