घराची प्रतवारी आणि हरकतीचा हक्क

इंग्लंडात राहणाऱ्या माणसाला आपल्या घरावर दरसाल किती कौन्सिल टॅक्स भरावा लागतो, हे त्या घराची आज बाजारात काय किंमत येईल ते पाहून ठरत नाही. १ एप्रिल १९९१ या दिवशी ते घर खुल्या बाजारात विकले गेले असते तर त्याचे किती पौंड आले असते, या अनुमानावर ते ठरते. आणि ज्या घराचा त्या दिवशी पायाही खणला गेला नव्हता, त्यालाही मागाहून त्याच तारखेची कल्पित किंमत लावून ‘ए’पासून ‘एच’पर्यंतच्या आठ श्रेणींपैकी एकीत बसवण्यात येते. ही श्रेणी, तेथील लोकांच्या बोलण्यातला ‘बँड’, चुकली आहे असे ज्याला वाटते त्याला हरकत घेण्याची सोय आहे. आपली घरपट्टी ज्या विलायती पद्धतीची लेक, तिच्याच माहेरी नागरिकाची तक्रार कशी ऐकली जाते हे आपणही नीट पाहिले पाहिजे, कारण कर आकारणाऱ्याने आकारणीचा आधार सांगावा की भरणाऱ्याने तो शोधून काढावा, हा प्रश्न तेथला आणि येथला एकच आहे.

घरजागेच्या भाडेमूल्यावर स्थानिक कर बसवण्याची चाल इंग्लंडात पहिल्या एलिझाबेथ राणीच्या १६०१ सालच्या गरीब-साहाय्याच्या कायद्याने रुजली आणि पुढे पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ टिकली. मार्गरेट थॅचर यांच्या सरकारने ती मोडून, स्कॉटलंडात १९८९ साली व इंग्लंड-वेल्समध्ये १९९० साली, माणशी सारखा कर बसवला. ३१ मार्च १९९० रोजी लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात त्याविरुद्ध मोठा दंगा उसळला, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात थॅचरबाईंना पंतप्रधानपद सोडावे लागले त्यामागेही या कराचा वाटा मोठा होता. हा माणशी कर काढून त्याच्या जागी कौन्सिल टॅक्स १ एप्रिल १९९३ पासून अमलात आणण्याचे ठरले, तेव्हा देशातील एकूण एक घराची किंमत ठरवण्याचे काम इतक्या घाईने उरकण्यात आले की, सरकारी मूल्यमापन खात्याच्या जोडीला खासगी इस्टेट एजंट नेमून रस्त्यारस्त्याने मोटारी फिरवाव्या लागल्या. मोटारीच्या काचेतून पाहून केलेल्या या मूल्यमापनाला लोकांनी ‘सेकंड गिअरमधले मूल्यमापन’ असे नाव दिले, आणि ते नाव अन्यायाचे नव्हते.

या घाईचा परिणाम काय झाला, हे एका रस्त्यावरून कळते. एकाच कंत्राटदाराने एकाच साली बांधलेली, मधली भिंत सामाईक असलेली दोन जुळी घरे घ्या. खोल्या तेवढ्याच, अंगण तेवढेच, आणि तरीही एक ‘सी’ श्रेणीत, तर दुसरे ‘डी’ श्रेणीत. इंग्लंडात ५२ हजारांवरून ६८ हजार पौंडांपर्यंतचे घर ‘सी’त जाते आणि ६८ हजारांच्या वर एक पौंड चढला की ते ‘डी’त पडते, ‘डी’चा कर नऊ हिस्से मानला तर ‘सी’चा आठ हिस्से होतो. समजा, ‘डी’ श्रेणीच्या कुटुंबाला वर्षाला १,८०० पौंड पडत असतील, तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला १,६०० पडतील. दोनशे पौंडांचा हा फरक एका वर्षी जाणवत नाही. पण श्रेणी एकदा दप्तरात चढली की दर एप्रिलला तीच चूक नव्या बिलावर छापून येते, घर विकले गेले तर विकत घेणाऱ्याकडे जाते आणि वारसाकडे आले तर वारसाच्या गळ्यात पडते.

हरकतीच्या सोयीत जे चांगले आहे ते मोकळेपणाने सांगितले पाहिजे. कोणत्याही घराची श्रेणी कोणालाही विनामूल्य पाहता येते. शेजाऱ्याला किती कर बसला हे तेथे गुपित नाही. अर्जाला फी नाही, मूल्यमापन न्यायाधिकरणापुढे दाद मागण्यालाही फी नाही, आणि वकिलावाचून साध्या माणसाला तेथे आपली कैफियत मांडता येते. श्रेणी उतरली तर जास्तीची रक्कम मागील काळापासून, प्रसंगी थेट १९९३ पासून, परत मिळते. उलट जुनी चूक सुधारताना श्रेणी चढली तर वाढीव कर सुधारणेच्या दिवसापासूनच लागू होतो. राज्यसंस्थेच्या चुकीचा भुर्दंड नागरिकाच्या मागील वर्षांवर पडू नये, ही या नियमामागची नीती मला फार मोलाची वाटते.

पण ज्या दारातून या सोयीत शिरायचे ते दार अरुंद आहे. घरात नव्याने राहायला आलेल्या करदात्याला श्रेणीवर कायदेशीर हरकत घेण्यास सहा महिन्यांची मुदत असते. तेथे घर घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांनी ही मुदत आवर्जून ध्यानात ठेवावी. मुदतीत घेतलेली हरकत फेटाळली गेली तर तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे जाता येते. ज्याची मुदत उलटली, त्याने मात्र सबळ पुरावा जोडून फेरतपासणीची विनंती करायची, आणि ती विनंती खात्याने विचारातच घेतली नाही तर न्यायाधिकरणाचे दार त्याला बंद. म्हणजे काल आलेल्या बिऱ्हाडकरूला जो हक्क आहे, तो तीस वर्षे निमूटपणे कर भरत आलेल्या वृद्धेला नाही. तिच्या वाट्याला विनंती येते. दीर्घकाळ अन्याय सोसला हेच जर दाद न मिळण्याचे कारण ठरत असेल, तर त्या तरतुदीला न्यायाची तरतूद म्हणता येणार नाही.

आणि पुरावा कसला? त्याच वयाची, आकाराची व घडणीची, जवळपासची आणि खालच्या श्रेणीतली पाचपर्यंत घरे दाखवावीत, किंवा १ एप्रिल १९८९ ते ३१ मार्च १९९३ या काळात तशी घरे काय किमतीला विकली गेली ते दाखवावे. घरविक्रीच्या किमतींची लँड रजिस्ट्रीची खुली यादी तर १९९५ पासून सुरू होते! जो काळ निर्णायक, नेमक्या त्याच काळाची माहिती सामान्य माणसाच्या हातात नाही. मग नंतरची एखादी विक्री घेऊन, किमतींच्या निर्देशांकावरून मागे मागे हिशेब करीत १९९१ पर्यंत पोचण्याची खटपट त्याने करायची, आणि ज्या खात्याने मूळ अनुमान मोटारीतून केले, त्या खात्याने या हिशेबाची काटेकोर छाननी करायची.

याहून मला अधिक खटकते ती शेजाऱ्याची धास्ती. फेरतपासणीत श्रेणी उतरू शकते तशी चढूही शकते, आणि दाखल्यासाठी दिलेली शेजारची घरेच कमी आकारलेली आढळली तर त्यांचीही चढू शकते. कमी आकारणी दुरुस्त होऊ नये असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याने न्याय मागितला त्यालाच आळीच्या रोषाचा धनी व्हावे लागेल अशी रचना असल्यावर, भिडस्त माणूस अर्ज लिहून तो टपालात न टाकता खणात ठेवतो. रस्त्यातील एका घराविषयी सबळ शंका आली तर सगळा रस्ता खात्याने आपल्या जबाबदारीवर तपासावा, आणि कोणा एकाच्या नावाने तो तपासला गेला असे होऊ देऊ नये.

खरे दुखणे जुन्या तारखेचे आहे. आपल्याकडे इंग्रजी अमलात प्रिंगल या अधिकाऱ्याची दख्खनमधील महसूल-पाहणी फसल्यावर गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून जमिनीची नवी प्रतवारी सुरू केली. मातीचा पोत व खोली पाहून आणेवारी लावली आणि ठरलेला सारा तीस वर्षे कायम ठेवून मग फेरजमाबंदी करण्याची रीत घातली. त्या साऱ्याने रयतेचे सगळे भले झाले असे इतिहास सांगत नाही; तरी प्रतवारीला मुदत असते, एवढे त्या इंग्रज अधिकाऱ्यांना पटले होते. त्यांच्याच देशातील घरांची प्रतवारी आता तीस वर्षांची मुदतही ओलांडून गेली आहे. वेल्सने २००३ च्या किमती धरून २००५ पासून नवी आकारणी लागू केली आणि नववी श्रेणी जोडली. तेथे पुष्कळ घरे वर चढल्याचे पाहून इंग्लंडातील नियोजित फेरमूल्यमापन त्याच वर्षी लांबणीवर टाकण्यात आले, आणि पुढच्या कोणत्याही पक्षाच्या सरकारला ते पुरे करण्याचे धैर्य झाले नाही. ज्याचे घर मधल्या काळात इतरांच्या मानाने मागे पडले तो आजही जुन्या तुलनेचा कर भरतो, आणि या तक्रारीला हरकतीच्या अर्जात जागाच नाही.

आपल्याकडे मुदती आहेत. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमान्वये दर चार वर्षांनी आकारणीची यादी नव्याने करायची असते. मुंबईत १८८८ च्या कायद्यातील भाडेमूल्य भाडेनियंत्रणामुळे दशकानुदशके गोठले, म्हणून २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. तिच्या नियमांपैकी काही ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले. पण आपल्या महानगरपालिकांच्या कायद्यांत लघुवाद न्यायालयात अपील करायचे तर वादातली रक्कम आधी भरल्यावाचून ते ऐकले जात नाही. आणि हरकतीच्या नोटिशीत करयोग्य मूल्याचा आकडा असतो, तो कोठून आला याचा उलगडा क्वचितच असतो. त्याच इमारतीतील, त्याच क्षेत्रफळाच्या, त्याच मजल्यावरील शेजारच्या सदनिकेला किती मूल्य लावले, हे विचारण्यासाठी नागरिकाने वॉर्ड ऑफिसात हेलपाटे का घालावेत? आकारणीच्या प्रत्येक नोटिशीला वापरलेला दर, धरलेले क्षेत्रफळ, इमारतीचे वय आणि जवळच्या पाच समान मिळकतींची मूल्ये जोडण्याचे बंधन राज्य शासनाने सर्व नगरपालिका-महानगरपालिकांवर घालावे, आणि ज्या नोटिशीला हा तक्ता नसेल तिची हरकतीची मुदत, तक्ता हाती पडेपर्यंत, सुरूच झाली नाही असे समजावे.